दुसऱ्या बदामातला घड
काकांनी परवा स्थळासाठी माझा फोटो मागितला. मोबाइलवर त्याला बॉर्डर शोधताना सोनेरी काठाचे दोन बदाम समोर आले आणि अर्धापूरच्या फोटो स्टुडिओतला, लॅमिनेशनच्या तापल्या प्लॅस्टिकचा वास नाकात शिरला. नवऱ्याचं घर सोडून आलेली माझी आत्या मी शाळेत असताना आजोबांच्या रानात स्वतः केळी पिकवायची. दुसऱ्या दिवशी सासरचे तिला न्यायला येणार होते, आणि ही बया मला घेऊन फोटो करायला निघाली. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर वेलींच्या, मोरांच्या बॉर्डरी दाखवल्या. तिचं बोट त्या बदामांवरच थांबलं. तो म्हणाला, "ताई, ही लग्नाची हाय. एक बदाम मोकळा राहील की." "कशाला मोकळा राहतोय?" आत्याने मोबाइल पुढे केला. "हा माझ्या बागेतला घड. टाक त्यात." तो हसला, आत्या हसली नाही. त्याने गुमान घड बसवला. सकाळी पाहुणे बैठकीत टेकले, तर समोरच्या भिंतीवर डाव्या बदामात आत्या आणि उजव्यात हिरवागार घड. सासरे कडाडले, "हे काय थेर लावलेत?" पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवत ती म्हणाली, "जोडा हाय माझा. लई सुखात हाय मी. च्या घ्या आन् निघा." चहा न घेताच ते उठले. तो फोटो अजून तिथेच आहे. मी डाव्या बदामात माझा फोटो टाकला, उजव्यात माझी पिठाची गिरणी, आणि काकांना तसाच पाठवून दिला.