आमचा बेसबॉलवाला आणि आईंचा पदर

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, इंग्लंडात रीडिंगला असताना, आम्ही मागची खोली एका अमेरिकन माणसाला भाड्याने दिली होती. तो तिकडे पोटापाण्यासाठी बेसबॉल खेळलेला. कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपरच, फक्त सबंध मॅच उकिडवा बसून. लहान गावांच्या टीम्समध्ये त्याची उमेदीची वर्षं गेली. मोठ्या लीगचं बोलावणं एकदाच आलं, तेव्हा पावसाने मॅच धुतली. खेळणं थांबल्यावर इथल्या एका हौशी टीमने त्याला मॅनेजर म्हणून आणलं. टीममध्ये बँकेतले कारकून, एक प्लंबर आणि माणूस कमी पडला म्हणून माझा नवरा. नवरा हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. धावायचा तो फक्त बस पकडायला.

त्या उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. खुर्चीत गुडघे दुखतात म्हणून आमचा भाडेकरू किचनमध्ये उकिडवा बसून चहा प्यायचा. “अख्ख्या देशात नीट बसता येणारा हा एकटाच,” असं आईंनी जाहीर केलं आणि त्याला बटाटे सोलायला दिले. तो इंग्रजीत बोलायचा, त्या मराठीत. दोघांचं छान जमायचं.

एका रविवारी पार्कमध्ये मॅच होती. अंपायर शाळेत भूगोल शिकवणारे. त्यांचा एक निर्णय पटला नाही म्हणून आमच्या या एरवी मवाळ भाडेकरूने टोपी फेकली आणि बुटाने त्यांच्या पँटवर माती उडवली. त्यांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. पण पब्लिक पार्कात मैदान संपतं कुठे, यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी आमची गाडी ‘बाहेर’ धरायची असं ठरलं आणि तो जाऊन गाडीत बसला.

टीम तो हातांच्या खुणांनी चालवायचा. डोक्याला हात लावला की बेसवर, म्हणजे मैदानातल्या चार थांब्यांपैकी एकावर, असलेल्या माणसाने पुढच्या बेसकडे पळायचं, कोपर धरलं की थांबायचं. गाडीतला तो खेळाडूंना दिसेना. म्हणून त्याने माझ्यामार्फत आईंना विचारलं, की मी करीन तसं तुम्ही बाहेर खुर्चीत बसून कराल का.

“त्यात काय, नक्कलच करायची ना?” आई म्हणाल्या.

नवरा पहिल्या बेसवर पोचला आणि वारा सुटला. आईंच्या डोक्यावरचा पदर घसरला, त्यांनी तो सावरला. नवरा पळत सुटला. समोरचा बोलर इतका चकित झाला, की त्याने बॉल टाकलाच नाही. पदर पुन्हा घसरला. नवरा तिसऱ्या बेसला. गाडीत आमचा मॅनेजर दोन्ही कोपरं धरून मान हलवत होता, पण आई आता पदरातच गुंतल्या होत्या. तिसऱ्यांदा पदर सावरला तेव्हा नवऱ्याला बाद करायला फेकलेला बॉल बदकांच्या तळ्यात गेला आणि नवरा धापा टाकत शेवटच्या बेसवर, म्हणजे ‘घरी’, पोचला. त्या एका धावेने आम्ही जिंकलो.

समोरच्यांनी तक्रार केली, की बाहेर काढलेला माणूस खुणा करत होता. अंपायरनी त्याला गाडीतून उतरवून विचारलं.

“त्यातली एकही खूण माझी नव्हती,” तो म्हणाला. ते खरंच होतं. निकाल कायम राहिला.

पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या एका छोट्या गावाने त्याला मॅनेजर नेमलं. आमची टीम नवऱ्याच्या गळ्यात पडली. पहिल्याच मॅचला त्याचा ब्लीप, म्हणजे हॉस्पिटलचा पेजर, वाजला, म्हणून तो टीम समोरच्या मॅनेजरच्या हवाली करून हॉस्पिटलला गेला. त्या भल्या गृहस्थाने उरलेला वेळ दोन्ही टीम्स सांभाळल्या. आम्ही हरलो, पण नेहमीपेक्षा थोडक्यात.