चार घरांचा धूर

ज्या वर्षी माझा पाय मोडला, त्या वर्षी आमच्या गावात माणूस उरला नव्हता. केजपासून आत, बालाघाटाच्या डोंगरात आमचं गाव. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं, ही दरसालची रीत. पण म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं मागं राहतात, चुली पेटत्या राहतात. त्या साली दुष्काळच असा पडला की पेरलेली ज्वारी उगवलीच नाही आणि ओढा भादव्यातच आटला. धडधाकट माणसं उसाच्या फडावर गेली. मागं राहिलेली म्हातारी माणसं जनावरं घेऊन चारा छावणीत गेली. लेकरं ज्याच्या त्याच्या आईबापाच्या मागं.

मीही जाणारच होतो. बारावीपर्यंत शिकलो होतो, पण शिक्षणानं नोकरी दिली नाही आणि लग्न झाल्यापासून मी आणि बायको दर हंगामाला फडावर जात होतो. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं ‘एक कोयता’ म्हणतात. त्या वर्षी निघायच्या आधी आठ दिवस आम्ही विहिरीतला गाळ काढत होतो. वरून दगड सुटला आणि माझ्या नडगीवर आला. अंबाजोगाईला नेऊन प्लास्टर घातलं, मांडीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पाय टेकायचा नाही.

कोयता मोडला. बायको तिच्या भावाबरोबर फडावर गेली. जाताना ट्रकमधून बघतसुद्धा नव्हती, कारण बघितलं असतं तर उतरली असती. आई-वडील बैलजोडी आणि म्हैस घेऊन छावणीत निघाले. वडील म्हणाले, “तिथं बाजेवर पडून राहशील, चल.” छावणीतल्या धुळीत, शेणात, लोकांच्या देखत पडून राहणं मला नको वाटलं. मी म्हणालो, “मी हितंच राहतो. पाण्याचं शेजारचे तात्या बघतील.” आईनं पीठ, डाळ, मीठ, तेल हाताशी मांडून ठेवलं आणि जमलं तर येऊन जाते म्हणाली; पण जनावरं सोडून तिला येता आलंच नाही.

शेजारच्या तात्यांनी चार दिवस पाणी आणून दिलं. पाचव्या दिवशी त्यांची लेक गेवराईहून जीप घेऊन आली आणि त्यांना घेऊन गेली. जाताना तात्यांनी दोन घागरी भरून ठेवल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “येतो रं.”

मग गाव शांत झालं. मी आयुष्यात तशी शांतता ऐकली नव्हती. गिरणीचा पट्टा बंद, कोंबड्या विकलेल्या, कुत्रीसुद्धा माणसांच्या मागं गेलेली. अंगणात लिंबाखाली बाजेवर पडून मी विचार करायचो की समजा जग बुडालं आणि आपण एकटेच उरलो तर?

खरं सांगतो, पहिले दोन दिवस त्यात मौज वाटली. सगळं गाव माझं! सरपंचाच्या माडीवर जाऊन झोपाळ्यावर पाय सोडून बसायचं. शाळेची घंटा वाटेल तेव्हा वाजवायची. केजच्या स्टँडवर एसटीत ड्रायव्हरच्या जागी बसून हॉर्न दाबायचा, कुणी उतरवणार नाही. मनातल्या मनात मी परळीपर्यंत गाडी नेली. वाटेत वळसा घालून धर्मापुरीच्या जुन्या देवळात थांबलो आणि सावलीत निवांत झोपलो.

तिसऱ्या दिवशी हिशेब उलटा लागायला लागला. ज्वारी आहे, पण गिरणी कोण चालवणार? गिरणी आहे, पण वीज कोण सोडणार? दाढी वाढली तर करणार कोण? आणि करायची तरी कुणासाठी? मी तोंड धुणं सोडलं. एकदा भाकरी थापली ती अर्धी करपली आणि मी मोठ्यानं म्हणालो, “करपली की बे!” माझाच आवाज ऐकून दचकलो. चार दिवसांत मी तोंडातून काढलेला तो पहिला शब्द होता.

सहाव्या दिवशी घागरी संपल्या. शाळेजवळच्या टाकीत टँकर पाणी सोडायचा, ते घरापासून चारशे पावलं. सकाळी कळशी गळ्यात अडकवून काठीवर निघालो आणि उंबऱ्यातून उतरतानाच पडलो. पाय दाराच्या चौकटीवर आपटला. डोळ्यांपुढं अंधारी आली. हाका मारल्या. आधी तात्यांच्या नावानं, जे नाहीत हे माहीत असून. मग कुणाच्याच नावानं नाही, नुसतीच हाक. ऊन अंगणातून माझ्यापर्यंत सरकत आलं. मला वाटलं, आता खरंच शेवटचा माणूस झालो.

तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडून आवाज आला, “कावून रं, आज चूल पेटवली न्हाईस?”

ती चेअरमनबाई होती. गाव तिला याच नावानं हाक मारायचं, निम्मं गाव मानानं आणि निम्मं चेष्टेनं. पन्नाशी ओलांडलेली, नवरा वारलेला, मुलगा औरंगाबादला कंपनीत. ती बौद्धवाड्यात राहायची. बायकांची दूध संस्था तिनं काढली होती. त्यासाठी किती वर्षं तालुक्याला खेटे घातले, हे गावातल्या पुरुषांनाच जास्त माहीत होतं, कारण तेच हसायचे. तिच्याशी मी जन्मात दहा वाक्यं बोललो असेन.

तिनं मला काखेत हात घालून उठवलं आणि लिंबाखालच्या बाजेवर टाकलं. पाय दाबून बघितला. “प्लास्टर धड हाय. तू घाबरलास निस्ता.” मग बाहेर गेली आणि डोक्यावर घागर घेऊन परत आली. दारात थांबली. आत आली नाही.

“पाणी हाय,” ती म्हणाली. “आमच्या घरच्या घागरीतलं. चालत आसंल तर तुमच्या रांजणात वतते. न्हाई तर हितं ठिवते, तुझ्या हातानं काय करायचं ते कर.”

हे ती रागानं बोलली नाही. पाऊस आहे का ऊन आहे, असं विचारावं तसं विचारलं. आणि मला आठवलं की बौद्धवाड्यातलं पाणी आमच्या घरात कधी आलं नव्हतं. ते कुणी ठरवलं होतं, मला माहीत नव्हतं. पण मोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. शिकलेला होतो तरी.

“मावशी, वत,” मी म्हणालो. चेअरमनबाई म्हणालो नाही. तोंडातून मावशी कसं आलं, मलाच कळलं नाही.

तिनं रांजण भरला. मग चूल पेटवली, आणि पिठलं शिजेपर्यंत बोलत बसली. मी विचारलं, “तुला कसं कळलं मी पडलोय?”

“पडलास ते कुठं ठावं होतं? धूर दिसला न्हाई. गावात चार धूर हायेत. एक माझा. एक देवळापशी गुरवाच्या म्हाताऱ्या-म्हातारीचा. वेशीपशी तो आंधळा बाबा आन् त्याची बहीण, त्यांचा एक. आन् चौथा तुझा. रोज सकाळी संस्थेच्या पायरीवर उभी राहते आन् बघते. आज तीनच निघाले.”

सहा दिवस मी स्वतःला जगात एकटा समजत होतो, आणि ही बाई रोज सकाळी मला मोजत होती.

त्यानंतर ती रोज यायची. मग मला तिचा दिवस कळला. पहाटे ती गाय दोहायची. गावातली हीच एक गाय छावणीत गेली नव्हती, कारण नुकती व्यालेली होती. मावशी डोंगरातून सुबाभळीचा पाला आणून तिला जगवत होती. दीड-दोन लिटर दूध निघायचं. ते घेऊन ती संस्थेची खोली उघडायची, झाडून काढायची, कॅन धुवायची, टेबल पुसायची. नळी-बाटल्या काढून दुधातली फॅट तपासायची. मोठ्या कॅनच्या तळाशी ते दूध ओतायची आणि टेम्पोची वाट बघायची. टेम्पोवाला रोज कुरकुर करायचा. एकदा मी तिथवर काठीनं गेलतो तेव्हा ऐकलं.

“चेअरमनबाई, एवढ्याशा दुधासाठी घाट चढायचा म्हंजे काय? कॅन हलिवला तर आवाजसुदीक येत न्हाई.”

“तू येणं बंद केलंस तर रूट बंद व्हतो. रूट बंद झाला तर पुन्हा सुरू करायला कोण तुझा बाप येईल?” मावशी म्हणाली. “माणसं माघारी आल्यावर दूध कुठं घालतील? उचल कॅन.”

त्यानं कॅन उचलला.

मला तोवर वाटायचं की एकट्या पडलेल्या माणसानं हात-पाय गाळणं साहजिक आहे. तिच्याकडं बघून तसं म्हणायची लाज वाटायला लागली. मी दाढी केली. प्लास्टर सांभाळत अंगणातच अंग पुसून काढायला लागलो.

माघाच्या सुमारास टँकर बंद झाला. एक दिवस आला नाही, दोन दिवस आला नाही. टेम्पोवाल्यानं बातमी आणली की कुणीतरी वर कळवलंय, गाव खाली झालंय म्हणून, आणि ती खेप दुसऱ्या गावाला दिलीय. टाकीच्या तळाशी गाळ उरला होता. मावशी तिच्या घागरीतलं अर्धं पाणी गाईला, अर्धं आम्हा बाकीच्या तीन घरांना वाटत होती. स्वतः काय पीत होती देव जाणे.

तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडं वही आणि पेन घेऊन आली. “तू शिकलेला हायेस. अर्ज लिव्ह.”

“काय लिहू?”

“खरं ते.”

मी लिहिलं: गाव रिकामे झाल्याची माहिती खरी नाही. खाली सह्या-अंगठे करणारे आम्ही सहा जण गावात हजर आहोत आणि आम्हाला तहान लागते. वाचून दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली. “आन् एक गाय, तिचं वासरू, ते बी लिव्ह.” तेही लिहिलं. मग ती अर्ज घेऊन घरोघर गेली. आंधळ्या बाबांचा अंगठा तिनं स्वतः धरून उमटवला.

सकाळच्या टेम्पोत, दुधाच्या कॅनशेजारी बसून ती तालुक्याला गेली. तिथं काय झालं ते तिनंच मला नंतर सांगितलं. तहसीलच्या साहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, “बाई, पण तुमचं गाव तर खाली झालंय ना?”

“साहेब, मग म्या कोण हाय?”

साहेब म्हणाले, सहा माणसांसाठी टँकर देता येत नाही, छावणीत जा. ती म्हणाली, “आमी उठून गेलो तर गाव खाली व्हईल, हे तुमचं बरोबर. पर आमी उठायचं न्हाई. सहा जणांना टँकर देता येत न्हाई आसं लिहून द्या आन् खाली सही करा. म्या कागद घेऊन जाते.” आणि खुर्चीसमोर खाली बसली. दुपार झाली. कुणी सही करायला तयार होईना. शेवटी ठरलं, तीन दिवसांआड एक छोटा टँकर.

त्या दिवशी मी संस्थेच्या पायरीवर बसलो होतो. दुपार कलली तेव्हा घाटात टँकरचा आवाज आला. वळणावर दिसला तेव्हा बघतो तर आत ड्रायव्हरच्या शेजारी मावशी, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेलेला, एका हातानं खिडकी घट्ट धरलेली. गुरवाची म्हातारी देवळाच्या ओट्यावरून टाळ्या वाजवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचं मला काही वाटलं नाही.

डॉक्टर तीन महिने म्हणाले होते, पण हाड जुळायला वेळ लागला आणि प्लास्टर चैतात निघालं. फडावरून ट्रक परतले, छावणीतली माणसंही एकेक करून आली. आई आली ती सरळ रांजणाकडं गेली. कुणीतरी वाटेतच तिला सांगितलं असावं. तिनं रांजण पालथा घातला आणि राखेनं घासायला बसली. मी जवळ गेलो आणि म्हणालो, “आई, ह्याच रांजणातलं पाणी पिऊन मी जगलोय. आता मला बी राखेनं घास.” आई घासत राहिली, पण हात हळू झाले. कितीतरी महिन्यांनी, म्हैस दुधावर आली तेव्हा, तिनं दुधाचं भांडं माझ्या हातात न देता स्वतः उचललं आणि संस्थेत गेली. तिथं दोघी काय बोलल्या, मी विचारलं नाही. परत आली तेव्हा म्हणाली, “बाई फॅट नीट काढते. मापात खोट न्हाई.” माझ्या आईच्या तोंडून ही मोठी गोष्ट होती.

टेम्पोचा रूट त्या साली टिकला. डोंगरातल्या दोन-तीन गावांचे बंद पडले, आमचा टिकला. जूननंतर हळूहळू कॅन भरायला लागले, एकाचे दोन झाले. मावशीनं मला फॅट काढायला शिकवलं. पहिल्याच आठवड्यात फॅट तपासायच्या ॲसिडनं बोटं भाजली, आकडे चुकले, बायका भांडल्या. ती मध्ये पडून म्हणायची, “शिकतंय, शिकतंय.” दसऱ्याला ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम आला तेव्हा मी त्याला सांगितलं, आमचा कोयता येणार नाही. पुढं संस्थेचा सचिव झालो. अजून आहे.

मुकादमाला नकार दिला त्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली. एके सकाळी बायको शेताच्या बांधावर उभी होती. खाली करडई पिवळी फुललेली, हरभऱ्यावर दव, शेजारच्या रानात हुरड्याची आगटी पेटलेली. ती बराच वेळ हलली नाही. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “लग्न करून आले तवापासून दर साली हिवाळ्यात आपण फडावर. आपलं गाव हिवाळ्यात आसं दिसतंय, मला ठावंच नव्हतं.” मग वाकून तिनं हरभऱ्याचा एक डहाळा उपटला, आणि घाटे सोलून खात खात आम्ही घरी आलो.