बंद काचांची गाडी

धंतोलीतल्या एका दवाखान्यासमोर त्या गाडीचे मागचे दार उघडले, तो क्षण इतक्या वर्षांनंतरही माझी पाठ सोडत नाही. मी तेव्हा त्या हद्दीत फौजदार होतो. ऐंशीच्या दशकातली ती हिवाळ्याची सकाळ होती. आत नरखेडकडच्या एका गावातली आजारी बाई आणि तिची लग्न झालेली मुलगी, दोघी एकमेकींना टेकून बसल्या होत्या. दोघींचाही जीव गेला होता.

बाईचा नवरा ड्रायव्हरशेजारी बसून आला होता. तो एकच वाक्य बोलत राहिला, "मागच्या काचा मीच लावल्या जी, साहेब. थंडी होती ना. मले वाटलं, झोपल्या असतील."

वाटेत काटोलला ड्रायव्हरने सगळ्यांना चहा आणून दिला होता. मला विषप्रयोगाचा संशय आला. भाड्याची ती गाडी ड्रायव्हरच्याच मालकीची, नवी कोरी. मी त्याला ताब्यात घेतले आणि दोन दिवस चौकशी केली. हातही उचलला, हे लपवत नाही.

"चहात काय टाकलं, बोल!"

"काही नाही साहेब. गाडी घेतली तवापासून माह्यंच डोकं दुखून राह्यलं."

मला तो बहाणा वाटला. तिसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचा अहवाल आला. विष पोटात नव्हते, रक्तात होते. इंजिनाच्या धुरातला वायू. डोकेदुखीमुळे ड्रायव्हरने आपली खिडकी उघडी ठेवली होती, म्हणून पुढचे दोघे वाचले होते.

त्याच दुपारी गाडी विकणाऱ्या एजन्सीतला मिस्त्री ठाण्यात आला. बाकावर बसायलाही तयार नव्हता. म्हणाला, "त्या ड्रायव्हरले सोडा, साहेब. सायलेन्सरचा जोड उकलते अन् धूर आत येते. कारखान्यातून चिठ्ठी आली होती. माह्यं नाव नका घेऊ."

आम्ही पंचांसह एजन्सीची झडती घेतली. मॅनेजर आधी हसला. चिठ्ठीचा विषय काढताच त्याने पाणी मागितले. मी विचारले, "गिऱ्हाइकांना का कळवलं नाही?" तो खाली बघत म्हणाला, "वरून मनाई होती." फाइलमध्ये पत्र सापडले. तक्रार आली तरच जोड बदलावा, आपण होऊन कोणालाही कळवू नये, असे त्यात स्वच्छ लिहिले होते.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा मॅनेजरवर आणि कारखान्याच्या इंजिनिअरवर लावला. कोर्टात तो टिकला नाही. थेट संबंध सिद्ध होत नाही, असे ठरले. उरला वाहनांच्या धुराचा नियम. तो गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला धरत होता, बनवणाऱ्याला नाही. त्यामुळे दंड झाला तो एकट्या ड्रायव्हरला. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या बाईच्या नवऱ्याने मला विचारले, "अन् कारखान्याले काय झालं जी?"

"काही नाही," मी म्हणालो.

तसल्या आणखी गाड्या जिल्ह्यात फिरत होत्या. नोंदणी कार्यालयातून मालकांचे पत्ते मिळवून मी आणि माझ्या जमादाराने प्रत्येकाला जोड बदलून घ्या म्हणून पोस्टकार्ड टाकले. तसा हुकूम नव्हता. काहींनी गाडी दुरुस्त करून घेतली, काहींनी उत्तर दिले नाही.

गुन्हेगार सापडला की आपले काम संपते, असे मी नोकरीत शिकलो होतो. या प्रकरणात गुन्हेगार सापडला, आणि त्याच्यासाठी शिक्षाच लिहिलेली नव्हती. शेवटचे उत्तर उमरेडकडून आले. 'गाडी गेल्या महिन्यात विकली. घेणाऱ्याचा पत्ता ठाऊक नाही.'