पुढचं गाव आईचं

माझ्या आईबाबांनी मोंटे कार्लोपासून मकावपर्यंत जगातले बहुतेक नावाजलेले कॅसिनो पालथे घातले, आणि त्यासाठी त्यांना नागपूरच्या आमच्या पुढच्या खोलीतून कधी बाहेर पडावं लागलं नाही.

बाबा वीज खात्यातून निवृत्त झाले आणि पहिल्याच उन्हाळ्यात आईच्या लक्षात आलं, की हा माणूस दुपारी स्वतः झोपत नाही आणि दुसऱ्यालाही झोपू देत नाही. मग जेवणं झाली की दोघांची रमी सुरू झाली. एकदा टीव्हीवर मोंटे कार्लोचं काहीतरी लागलं होतं. संगमरवरी जिने, मोठाली झुंबरं, गळाभर दागिने घातलेल्या बायका. आई म्हणाली, "अगंबाई, एवढं नटूनथटून शेवटी पत्तेच कुटतात की!" दुसऱ्या दिवशी ती मोत्यांच्या कुड्या घालून खेळायला बसली. बाबांनी विचारलं, कुठे निघालीस? "मोंटे कार्लोला. आणि अहो, तुम्हीही बनियनवर बसू नका तिथे." बाबा मुकाट्याने उठून इस्त्रीचा शर्ट घालून आले.

तिथून ते दोघं सुटलेच. रोज नाही, पण आठवड्यातून एखादी दुपार तरी परगावी जायची. नियम ठरला: जो जिंकेल त्याने पुढचं गाव निवडायचं, आणि गाव कोणीही निवडो, तयारी आईने करायची. बाडन-बाडन हे जर्मनीतलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, म्हणून त्या दिवशी आई गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून खेळली. गुडघ्यांना बरं वाटलं म्हणून तिने बाडन-बाडन पुन्हा पुन्हा निवडलं. मकावला बिनदुधाचा चहा, तोही वाट्यांतून. लास वेगाससाठी तिने भर दुपारी घरातले सगळे दिवे लावले आणि डाव रंगात आला असताना नेमकं लोडशेडिंग झालं. "तुमच्या खात्याने माझं वेगास बुडवलं," हे बाबांना पुढे किती दिवस ऐकावं लागलं! पैसे कधी लावले नाहीत. लोणच्याच्या जुन्या बरणीत चिंचोके होते, त्यावर सगळं चालायचं. बाबांनी पत्ते पिसून पुढे धरले की आई ते कधी कापायची नाही, वर नुसती टिचकी मारायची. तिचा विश्वास होता म्हणे. मला वाटतं, कंटाळा होता.

हे सारं मला रविवारच्या फोनवर कळायचं. मी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊला राहत होते, ब्रॅकनेलच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करत होते आणि फावल्या वेळात आईची खबरी होते. "नेटवर बघ ना गं, त्या गावात लोक काय खातात?" असं ती विचारायची आणि मी लंचच्या वेळेत शोधून ठेवायची. बाबांना मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद. तयारी त्यांना खेळायला बसल्यावरच दिसली पाहिजे, त्यात तिची अर्धी गंमत होती.

आणि मग एका सकाळी आई चहा ठेवायला उठली आणि स्वयंपाकघरातच गेली. काही दुखलं नाही, खुपलं नाही. लोक म्हणाले, भाग्याचं मरण. मला त्या लोकांचा फार राग आला होता.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांना मी हट्टाने स्लाऊला आणलं. व्हिजिटर व्हिसा, परतीचं तिकीट सप्टेंबरचं. विमानतळावर ते आले तेव्हा कोट ढगळा दिसत होता. घरी मात्र ते इतके शहाण्यासारखे वागले, की मी हवालदिल झाले. भाजी कुठली करू? चालेल. फिरायला जायचं? चालेल. खोलीत थंडी वाजते का? चालेल. ज्या माणसाने जन्मभर वरणात मीठ कमी की जास्त यावरून जेवणाची सुरुवात केली, तो माझ्या हातचं काहीही खात होता आणि चालेल म्हणत होता. मला त्या शब्दाचीच चीड यायला लागली. ते दिवसभर खिडकीत बसून हीथ्रोला उतरणारी विमानं बघत. मला एकच भीती होती. सप्टेंबरात हा माणूस त्या रिकाम्या घरात परत जाईल आणि भिंतींनाही चालेल म्हणत बसेल. त्याला काहीतरी हवंसं वाटायला हवं होतं. काहीही.

एका शनिवारी आमच्या स्लाऊमधल्याच पुणेकर मित्रांकडे जेवण होतं. जेवण उरकून सगळे रमीला बसले. माझा नवरा म्हणाला, "बाबा, या ना, जस्ट वन गेम! तुम्ही तर एक्स्पर्ट."

"तुम्ही खेळा. मी पाहतो."

आणि खरंच, शेवटपर्यंत ते खुर्चीत बसून नुसते पाहत राहिले. एकाने चुकीचं पान टाकलं तेव्हा त्यांची बोटं जराशी हलली. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं, की यांना खऱ्या कॅसिनोत न्यायचं. मोंटे कार्लोला न्यायचं तर पुन्हा व्हिसाची कटकट. पण ब्रायटन होतं की. समुद्र होता, आणि कॅसिनोही होता.

मी त्यांना काही सांगितलं नाही. "इस्त्रीचा शर्ट घाला," एवढंच म्हटलं. ते चालेल म्हणाले. एम-पंचवीस हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या, मी स्टीअरिंगवर बोटं आपटत होते, आणि बाबा शेजारी बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. दुपारी पोचलो. जाडजूड गालिच्यावरून आत गेलो, तर काउंटरवरच्या बाईने अतिशय गोड हसून सांगितलं, की आज मेंबर व्हा आणि उद्या खेळायला या. तेव्हा इथे तसा कायदाच होता. माणसाने जुगार खेळण्याआधी एकदा घरी जाऊन विचार करावा, असं सरकारला वाटत असावं. मी हुज्जत घातली. माझे वडील इंडियातून आलेत, त्यांना नुसतं बघू तरी द्या, वगैरे. ती हसतच राहिली. माझा आवाज चढत गेला. शेवटी बाबांनी माझी बाही ओढली.

"चल बेटा. राहू दे."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर सुटका झाल्यासारखा दिसत होता. माझं डोकंच फिरलं. बाहेर फुटपाथवर आल्या आल्या मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला खेळायचंच नाहीये का? स्पष्ट सांगा ना! मी एवढं सगळं प्लॅन करून आणलं तुम्हाला. घरी खेळत नाही, मित्रांकडे खेळत नाही, इथे दार बंद तर खूश!"

ते समुद्राच्या बाजूला वळले. रस्ता ओलांडून कठड्याशी गेले. मग म्हणाले, "खेळता येत नाही गं. पाळी तिची आहे."

"कसली पाळी?"

"शेवटचा डाव ती जिंकली होती. गाव तिने सांगायचं होतं. मी विचारलं, तर म्हणते, थांबा, तयारी झाली की सांगते. अन् मग राहूनच गेलं." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "आता मी कसं दुसरं गाव घेऊ? तिची पाळी असताना?"

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. बाबांचं मन मोडलंय एवढंच मी धरून चालले होते. ते असे आईच्या पाळीपाशी अडकून बसलेत, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि आमच्या घरात काय बोलावं ते सुचलं नाही की खायला आणतात, म्हणून मी म्हटलं, "चला, चिप्स खाऊ."

किनाऱ्यावरच्या टपरीत एक गोरा आजोबा चिप्स तळत होता. पुडकं भरून त्याने विचारलं, "सॉल्ट अँड व्हिनेगर, लव्ह?"

"काय म्हणतो तो?" बाबांनी विचारलं.

"व्हिनेगर घालू का म्हणतोय. इथे चिप्सवर घालतात."

"बटाट्यावर? व्हिनेगर?"

मला एकदम हसू आलं. तोच सूर, तेच नाक मुरडणं. "आईपण अगदी अशीच म्हणाली होती. बटाट्यावर? व्हिनेगर?"

"कधी?"

"फोनवर. ती गेली त्याच्या थोडे दिवस आधी. आत्ता आठवलं मला. तिने विचारलं होतं, तुमच्याकडे समुद्रावर आहे का गं एखादा कॅसिनो? मी म्हटलं, ब्रायटनला आहे. मग नेहमीप्रमाणे, तिथे काय खातात? तर मी हे सांगितलं. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं ना, म्हणून मी..."

बाबा पुडकं हातात धरून उभे होते. एक सीगल त्यांच्या अगदी जवळ येऊन बसला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"बाटली," ते म्हणाले.

"कुठली बाटली?"

"घरी. तेलाच्या डब्यामागे व्हिनेगरची बाटली आहे. सीलबंद. आपल्याकडे कधी आलं का व्हिनेगर? ती गेल्यावर मला सापडली. मी शेजारच्या वहिनींना विचारलं, वाण्याला विचारलं. वाणी म्हणाला, काकूंनी मुद्दाम मागवून घेतली होती. कशाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी रोज चहा ठेवतो अन् रोज त्या बाटलीकडे पाहतो. वाटायचं, हिला काय करायचं होतं? कोणासाठी आणली? फेकवली नाही गेली माझ्याच्याने."

मग ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सांगून गेली की गं ती."

मी तिथेच, टपरीसमोर, लोकांच्या रांगेच्या मध्ये रडायला लागले. टपरीवाल्या आजोबाने मला टिश्यू पुढे केला. बाबा मात्र रडले नाहीत. त्यांनी एक चिप उचलली, तोंडात टाकली, डोळे बारीक करून नीट चावली आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

मी धावत जाऊन मीठ आणलं. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुणाचं ऐकलं नसेन.

खाऊन झाल्यावर आम्ही खाली किनाऱ्यावर बसलो. ब्रायटनला वाळू नाही, गोटेच गोटे आहेत. पर्समध्ये मी पत्त्यांचा जोड आणला होता. तो काढून म्हटलं, "बाबा, आता तर खेळूया? ब्रायटनलाच आहोत आपण."

ते गुळगुळीत बारके गोटे निवडून रुमालात ठेवत होते. "इथे नाही," ते म्हणाले. "तिने तयारी तिकडे केली आहे. तिकडेच खेळू. डिसेंबरात सुट्टी काढून ये. आणि बटाटे पातळ नको कापू, हे बघ, असे जाड पाहिजेत." परतीच्या वाटेवर ते गाडीत झोपले, आणि मधूनच जागे होऊन मला चुकीच्या लेनमध्ये आहेस म्हणून रागावले.

डिसेंबरात मी गेले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून चटईवर बसले होते. चिंचोक्यांच्या जागी बरणीत ब्रायटनचे गोटे होते. मी बटाटे जाड कापून तळले. बाटली पुसून ताटाशेजारी ठेवलेली होती. सील बाबांनी स्वतः तोडलं, वास घेतला आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

"तुझ्या आईची पसंती!" ते डोळे पुसत म्हणाले, आणि बटाट्यांवर सढळ हाताने व्हिनेगर घातलं. मग पत्ते पिसून माझ्यापुढे धरले. मी कापायला हात नेला होता, पण कापले नाहीत. वर नुसती टिचकी मारली, आणि बाबांनी वाटायला सुरुवात केली.