क्लास न ठरवणारी बाई

ती बाई चंचल नव्हती, एवढं मला आता लिहून ठेवलंच पाहिजे.

सयाजीगंजला नवाच फिटनेस स्टुडिओ निघाला होता. डॉक्टरांनी साखरेचा धाक घातला म्हणून मी एरोबिक्सला जाऊ लागलो, आणि रोज माझ्यापुढे ही काउंटर अडवून उभी. पन्नाशीची, पंजाबी ड्रेसखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आज योग, उद्या स्टेप, परवा डान्स. सगळीकडे पहिला तास फुकट. तिच्या चौकशा संपेपर्यंत माझा वॉर्मअप बुडायचा.

एकदा मी भडकलोच. "अहो बाई, स्थळं बघताय का? ठरवा एकदाचं!"

ती हसून गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली, "व्यायाम सगळीकडे सारखाच ने, भाऊ. मी एकटी राहते. दोन दिवस आले नाही, तर कुठल्या क्लासातलं कोणी बघायला येईल, ते शोधते आहे."

दुसऱ्या दिवशी ती आमच्याच क्लासात! म्हणाली, "इथे निदान कोणी रागावतं तरी."

पुढे मी आळसाने दोन दिवस दांडी मारली, तर ही पत्ता विचारत विचारत मांडवीला आमच्या दारात हजर. वैतागून मी आतूनच बायकोला ओरडलो, "अगं, घरी नाहीत म्हणून सांग!"

ते बाहेर ऐकू गेलंच. बायकोच्या हातात खाकऱ्यांचा पुडा ठेवून ती निघून गेली.

नंतर ती योगाच्या बाईंकडे चौकशी करताना दिसली.

"चंचलच बाई," क्लासातले म्हणाले. मी मान डोलावली.