माप धुळ्याच्या हॉलचं होतं

आज माझे वडील, आबा, मला जळगावला फर्निचरच्या दुकानात घेऊन गेले. "नवा सोफा घेऊ, रंग तू निवड," म्हणाले. मला वाटलं, आपल्या भडगावच्या घरासाठी. आईला सारखं पुसावं लागू नये म्हणून मी गडद निळा निवडला.

"माप जावईबापूंनी पाठवलंय, ताई," दुकानदार म्हणाला. "सोफा, टीव्ही युनिट, सेंटर टेबल, सगळं मॅचिंग धुळ्याला पोचवतो."

साखरपुड्यात सगळ्यांसमोर "हुंडा नको" म्हणणाऱ्या त्या मुलाला मी तिथूनच फोन केला. तो हसला. "अगं, बसणार तूच ना त्यावर?"

आबा हळूच म्हणाले, "हुंडा नही शे बेटा, आंदण शे."

ऑर्डर मी थांबवली. त्याचं मी बघून घेईन. पण घरातली पहिली पदवीधर म्हणून मला गावभर मिरवणाऱ्या आबांनी हे माझ्यापासूनच लपवलं.

मैत्रिणींनो, तुमच्या आंदणाची यादी तुम्हाला कुणी दाखवली होती का?