तळ्यातली पिलं

आमच्या घरात मासा शिजत नाही. शिजणं सोडाच, जेवायला बसल्यावर त्याचं नावही कोणी काढत नाही. अशा घरातला माणूस मासे मोठे करायच्या नादी लागला, आणि तो माणूस म्हणजे माझे सासरे. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, मीही आप्पाच म्हणते. त्यांच्या या नादाची मी पुष्कळ थट्टा केली, अजूनही करते. पण एखाद्या गोष्टीकडे त्यांच्याइतकं मन लावून बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

म्हसावदच्या रस्त्याला आमची केळीची बाग आहे आणि बागेच्या मागे जुनी खदान. रस्त्याच्या कामासाठी तिथून दगड काढला, काम संपलं आणि खड्डा आमच्या पदरात पडला. पुढे खालून झरे फुटले, विहिरीचं जास्तीचं पाणी आप्पांनी त्यात सोडलं आणि खदानीचं तळं झालं. एका बाजूला उतार, तिथे गुडघाभर पाणी. बाकी तिन्ही बाजूंना सरळ कडा. मध्ये किती खोल आहे ते बघायला आप्पांनी एकदा दोराला दगड बांधून सोडला होता. दोर संपला, दगड काही टेकला नाही. तेव्हापासून घरातलं कोणी त्या कडांकडे फिरकत नाही.

मासे आले ते शेवाळामुळे. तळ्यातलं पाणी केळीच्या ठिबकला जायचं आणि शेवाळाने फिल्टर तुंबायचा. कोणीतरी सुचवलं, मासे सोडा, शेवाळ खातील. आप्पांनी माशांचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, आणायला सांगितलं. पाणी भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ते आलं तेव्हा आप्पांनी पिशवीची गाठ दोन बोटांनी सोडली, पिशवी पाण्यात उलटी केली आणि घरी येऊन साबणाने दोनदा हात धुतले. सासूबाईंनी तिसऱ्यांदा धुवायला लावले. ते मासे चिलापीचे होते, भराभर पिल्लं घालणारी जात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मला स्कूटर चालवता येते आणि नवरा कारखान्यात नोकरीला, म्हणून आप्पांना शेतात न्यायचं काम माझ्याकडे. घरात सगळे गुजरी बोलतात. मी नंदुरबारची, मिरच्यांच्या पथाऱ्यांशेजारी अहिराणीत वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा माझी गुजरी ऐकून नणंदा तोंडाला पदर लावून हसायच्या. आप्पा मात्र पहिल्या दिवसापासून माझ्याशी अहिराणीतच बोलले. त्यामुळे आमच्या दोघांचं एक वेगळंच खातं होतं, आणि त्यात बरंचसं तळं होतं.

मासे आल्यावर आप्पा रोज उतारावर बसायला लागले. सोबत भाकरीचा चुरा, गुरांसाठी भिजवलेल्या सरकीच्या ढेपेतला एक गोळा. मी आपली मोबाईलवर असायची, ते पाण्याकडे. एकदा त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. उथळ पाण्यात तळाच्या गाळात परातीएवढे गोल खळगे दिसत होते. ते नराने तोंडाने माती उचलून उचलून केलेत, असं त्यांनी मला सांगितलं. माझा विश्वास बसला नाही, तर त्यांनी तिथेच बसवून ठेवलं आणि दाखवलं. मग मादी दाखवली. तिच्या पुढ्यात बारीक पिल्लांचा घोळका होता. माझी सावली पडली तशी तिने तोंड उघडलं आणि सगळी पिल्लं तोंडात जाऊन बसली. मी थक्क झाले. आप्पा म्हणाले, तोंडात पोरं असली की ती काहीच खात नाही, ढेप समोर टाकली तरी तोंड फिरवते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नुसतं बघून त्यांनी ते ओळखलं होतं.

आप्पांचा एक मित्र विसरवाडीला हायवेवर धाबा चालवतो. उसाच्या वाहतुकीच्या दिवसांपासूनची दोस्ती. तो वर्षातून एकदा येतो, आमच्याकडे वरण-बट्टी खातो आणि सगळ्या गोष्टींना नावं ठेवतो. त्याने तळं पाहिलं, ढेप टाकल्यावर उसळलेले मासे पाहिले आणि मनापासून हसला. मासे होतेही तसेच. दोन वर्षं झाली तरी तळहाताएवढे. त्याच्या धाब्यावर धरणाच्या पाण्यातून हातभर मासा येतो म्हणे. शेवटी हसू आवरून तो म्हणाला,

"भाऊ, तुन्हा तयामा खानारा तोंडं भलता शेतस. निम्मा काढी टाक, मंग बाकीना मोठा व्हतीन."

"मन्हा बांधवर कोनाच जीव जावाले नको," आप्पा म्हणाले, आणि विषय बंद केला. मित्राचा डोळा आपल्या माशांवर आहे असंच त्यांनी धरलं.

पण तो हसला ते त्यांना लागलं. आप्पांच्या केळीचा घड बघायला लोक लांबून येतात. त्यांच्या हाताखाली कुठलंच पीक बारीक राहिलेलं नाही, आणि हे एक पीक, ज्याचा घरात काही उपयोग नाही, ते मात्र तळहाताच्या पुढे सरकेना. मग त्यांनी केळीवाला जे करील तेच केलं. पीक बारीक, म्हणजे खत कमी. ढेप दुप्पट केली. मासे मोठे झाले नाहीत, फक्त आणखी झाले. उरलेली ढेप कुजली, पाणी हिरवंगार झालं, आणि ज्या शेवाळासाठी मासे आणले ते शेवाळ पहिल्यापेक्षा जोरात आलं.

त्याच सुमारास आप्पा दाराच्या चौकटीला धडकायला लागले. नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. कडेचं दिसणं बरंच गेलेलं, समोरचं उरलेलं. डॉक्टरांनी चांगलं समजावून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, थेंबांनी उरलेलं टिकवायचं, किती टिकेल ते सांगता येत नाही.  बाहेर रिक्षात बसल्यावर आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले,

"एक तरी हातभर मासा देखना शे मले. डोया शेतस तवलोंग."

डोळे आहेत तोवर. माणसाने मागून मागून हे मागावं? नातवाचं लग्न नाही, काशी नाही, मासा. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. मी स्टेशनकडे बघत बसले.

त्यानंतरचे काही महिने मी आप्पांवर चिडलेलीच होते. ते डोळ्यांत थेंब घालून तळ्यावर बसायचे, ढेप टाकायचे, आणि मी फिल्टर उघडून शेवाळाच्या गुठळ्या काढायची. एक दिवस माझे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे झालेले. शेजारी बागेत मजूर बायका विळे घेऊन पिलं कापत होत्या. केळीच्या बुंध्याशी नवे कोंब फुटतात त्यांना आम्ही पिलं म्हणतो. ती वेळच्या वेळी कापली नाहीत तर आईचा सगळा रस तीच ओढतात आणि घड बोटभर राहतो. या कामात आप्पा कुणाचं ऐकत नाहीत. एक पिल राहिलं तर मागे जाऊन स्वतः कापतात. तेवढ्यात उतारावरून आप्पांचा आवाज आला, ढेप आणखी थोडी वाढवून बघू. माझं डोकं फिरलं. सुनेने बोलू नये अशा आवाजात मी बोलले,

"आप्पा, केयीना पिल कापतस तवय तुम्हले दया येस नही का?"

 मी फिल्टर बसवला, हात धुतले, भीती वाटायला लागली. बराच वेळ आप्पा पाण्याकडे बघत होते. मग बागेकडे बघायला लागले, मग पुन्हा पाण्याकडे. आता बघण्यासाठी त्यांना सगळी मान वळवावी लागायची, म्हणून ते कुठे बघतायत हे मला कळत होतं. शेवटी ते इतकंच म्हणाले,

"ह्या पिल शेतस. मी मासा समजनू."

पण समजणं वेगळं आणि करणं वेगळं. आप्पांनी आपल्या मनाशी जो काही तोडगा काढला तो ऐकून मी पोट धरून हसले. तापीवर मासेमारी करणाऱ्या दोघा भावांना बोलावलं. अट अशी की मासा आमच्या बांधाच्या आत मरता कामा नये. जाळ्यातून निघाला की थेट पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये, ड्रम गाडीत, गाडी रस्त्यावर. पुढे मासे तुमचे, आम्ही विचारणार नाही. तोंडात पिल्लं धरलेली मादी आली तर मात्र आहे तशी परत पाण्यात. त्या भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठा म्हणाला की दादा, तीच काढली पाहिजे, तीच वाढवते. आप्पा म्हणाले, तेवढी माझी राहू द्या.

जाळं पडलं आणि पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालं. ड्रममागून ड्रम भरले. पहिली गाडी निघाली तेव्हा आप्पा पाठ फिरवून केळीत उभे होते आणि एका झाडाची वाळकी पानं उगाच ओढत होते. मी पुन्हा थट्टा करणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सासूबाईंनी पोट बिघडलंय का विचारलं, तर हो म्हणाले.

जाळं नंतरही पडत राहिलं. प्रत्येक वेळी आप्पा केळीत जाऊन उभे राहायचे, प्रत्येक वेळी जेवण टाळायचे, आणि तरी पुढच्या वेळी स्वतःच निरोप धाडायचे. जे काम जिवावर येतं ते दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळं होणं किती सोपं असतं. आप्पांनी जाळं दुसऱ्याच्या हातात दिलं, पण दोष आपल्याकडेच ठेवला. तळ्यात बी आपण टाकलं, तेव्हा पिलं काढल्याचा दोषही आपलाच, एवढं साधं त्यांचं म्हणणं. त्यासाठी मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

पाणी हळूहळू निवळलं. ढेप निम्म्यावर आली. पण मासे वाढत होते तसे आप्पांचे डोळे उतरत होते, आणि ही शर्यत मला स्कूटरवरून रोज दिसत होती. आधी त्यांना खळगे दिसेनात. मग पाण्यावर ऊन पडलं की पाणीच दिसेना, नुसता पांढरा उजेड. एकदा कड्याखालच्या खोल पाण्यातून एक काळसर पाठ वर आली, ढेपेचा गोळा सावकाश गिळून खाली गेली. मी ओरडलेच. आप्पा, केवढा मोठा आहे. त्यांनी मान फिरवली, शोधलं, सापडलं नाही. मग शांतपणे विचारलं, मी खरं सांगतेय की त्यांचं मन राखतेय. मी शपथ घेतली. ते बरं म्हणाले, पण त्यांचा विश्वास बसलेला नाही हे मला दिसत होतं. मी एरवी इतकी थट्टा करते, त्याची ही फळं.

म्हणून पुढच्या वेळी जाळं पडायचं होतं तेव्हा मी त्या भावांना आधीच सांगून ठेवलं. मोठा मासा आला तर उचलू नका, उथळ पाण्यात जाळ्यातच धरून ठेवा. आणि तो आला. जाळ्याच्या एका कोपऱ्यात जाड कपाळाचा, काळा, कल्ल्यांखाली लालसर झाक असलेला नर. मी केळीत जाऊन आप्पांचा हात धरला आणि उतारावर आणलं. ते पायजमा वर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. मी म्हटलं, हात लावून बघा. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. मग वाकले आणि उजवा हात पाण्यात घातला. माशाच्या तोंडाशी बोटं टेकली आणि बोटं न हलवता हात त्याच्या अंगाच्या कडेने लांबवर टेकवला. शेपटी त्यांच्या कोपराला लागली. मासा एकदा जोरात वळला, त्यांच्या तोंडावर पाणी उडालं, त्यांनी हात काढला नाही.

"बेटा," ते म्हणाले, "घड भरना."

त्यांनीच जाळं सैल करायला सांगितलं. मासा गेला तेव्हा तो कुठे गेला ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, खोल पाण्याकडे.

घरी येईपर्यंत त्यांनी तो हात स्कूटरवर माझ्या खांद्यालाही लागू दिला नाही, बाजूला धरून ठेवला. मला वाटलं विटाळ म्हणून. दारात सासूबाईंना वास आला. त्यांनी नाकाला पदर लावला आणि साबण नि तांब्या घेऊन आल्या. आप्पा ओट्यावर बसले होते, हात उताणा मांडीवर ठेवलेला.

"ऱ्हाऊ दे थोडासा," ते म्हणाले.